नाकातला आवाज

दि. ४ मार्च

ती. काकास,
सा. न.

पत्र बघून भुवया उडाल्या असतील. निबंधाच्या तासाला माझं पोट दुखायचं, तुला ठाऊकच आहे. पण तू फोनची वायरच काढून ठेवलीस, मग करू काय?

आईकडून कळलं. कंपनीतून बोलतेय असं सांगून कुणा बाईने तुझ्या दुकानातला कॉम्प्युटर ताब्यात घेतला आणि काकूच्या मागे राहिलेली, भरतकामाच्या मशीनवरची तिची सगळी डिझाइनं गेली. काका, अंधारात दोऱ्याचा रंग ओळखणारा माणूस तू, आणि अनोळखी बाई सांगते म्हणून बटणं दाबत बसलास? आपल्या मशीनवाल्याला दहा फोन केले तरी तो फिरकत नाही, आणि ही न बोलावता दुरुस्तीला आली? मी असते तर तिला अशी नाचवली असती!

वायर जोड ना. लोभ उरला असेल तर असू दे.

तुझी,
टिटवी

दि. ११ मार्च

चि. टिटवीस,
अ. आ.

अक्षर अजून कोंबडीच्या पायाचंच आहे तुझं.

सांगणार नव्हतो, पण विचारलंस म्हणून सांगतो. त्या बाईचा आवाज नाकातून येत होता. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय म्हणाली. मला वाटलं, तूच. गेल्या वर्षी अस्साच आवाज काढून तू मला कॉम्प्युटरसमोर ‘आ’ करायला लावलंस, कीबोर्डला बाम चोळायला लावलास. दुकानातल्या पोरी आठवडाभर हसत होत्या. मी पहिल्याच वाक्याला तुला ओळखलं होतं गं. तुझी मजा जाऊ नये म्हणून चोळला.

याही वेळी तसंच. ती सांगेल ते डाउनलोड केलं, आकडे वाचून दाखवले. पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागला, तरी मी हसतच होतो. म्हटलं, पोरगी हुशार झाली. मग ती ‘पैसे द्या, नाहीतर सगळं पुसते’ म्हणून ओरडायला लागली, तेव्हा कळलं. तू माझ्यावर कधी ओरडत नाहीस.

दोन महिने तुझा फोन नव्हता.

लोभ आहेच, राग त्याच्या शेजारी बसलाय.

काका

दि. १५ मार्च

ती. काकास,
सा. न.

पत्र शिवणवर्गाच्या जिन्यात वाचलं. पुढचा तास बुडवला, पण नेहमीसारखा मजेत नाही.

मला वाटायचं, मी तुला फसवते. भिंतीला भोक मी पाडलं काका, चोर नुसता त्यातून आत आला.

काकूने माझ्या लाल फ्रॉकवर काढलेली वेल अजून आहे. पार्सलने पाठवतेय. टाके मोजून तेवढी तरी मशीनला परत शिकव. बाकीच्या डिझाइनांचं काय करायचं, मला सुचत नाही.

आणि ऐक. असा फोन आला, अगदी माझा आवाज वाटला, तरी काही डाउनलोड करायचं नाही, आकडे सांगायचे नाहीत. ठेवून द्यायचा आणि तू मला लावायचा. पडद्यावर लाल पाटी येऊन नंबर दिसला, तर त्यावरही लावायचा नाही. वायर काढायची. कॉम्प्युटरची, फोनची नाही!

लोभ मागायला तोंड नाही.

टिटवी

दि. २४ मार्च

चि. टिटवीस,
अ. आ.

फ्रॉक मिळाला. वेलीचं एक पान धुऊन धुऊन उसवलंय. वेल मशीनवर उतरवली, तेवढी जागा मोकळी सोडली. तिथे कसं पान होतं, ते आता विचारायचं कुणाला?

वायर जोडलीय. काल पुन्हा तसाच नाकातला आवाज आला. मी सांगितलं, बाई, माझी पुतणी आता स्वतःच्याच आवाजात बोलते. आणि ठेवून दिला.

तसं सांगून तर बसलोय. आता फोनची वाट बघतोय.

काका