कामापुरतं लायसन

प्रिय काइसा,

काल तू केक ठेवून गेलीस, त्याला मी अजून सुरीही लावलेली नाही. वर क्रीमची गाडी काढलीस आणि जाताना म्हणालीस, "बघा बाबा, आली की नाही शेवटी सुनावणीची तारीख! बुधवारी मी बोलते, तुम्ही फक्त गप्प बसा." गप्प बसणं मला फार छान जमतं, पोरी. तेच सांगायला बसलोय.

अर्ज करून चौदा महिने झाले. मागितलं काय, तर लाकूडगिरणी आणि दवाखाना एवढ्यापुरतंच लायसन, तेही गाडीत ते दारू तपासायचं यंत्र बसवून, ज्यात फुंकर मारल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. आधी एक सही राहिली म्हणून अर्ज परत आला. मग लघवीच्या तपासणीचा कागद त्यांच्याच टेबलावर पडून राहिला आणि त्याची मुदत संपली. मग म्हणे फाइलच सापडत नाही. गेल्या महिन्यात तू फोनवर लायसन ऑफिसातल्या त्या बाईला काय झापलंस! "सातव्या महिन्याचं पोट घेऊन बर्फातून वीस मैल येते मी बापाला कामावर सोडायला, या एकदा माझ्या जागी!" मी शेजारी मान डोलवत होतो. गिरणीतही सरकारच्या नावानं शंख करायचो. एइनो म्हणायचा, "रेइनो, तुझ्या लायसनच्या आधी तुझी कवळी येईल." सगळे हसायचे, मी सगळ्यांत मोठ्यानं. आणि खरं सांगू? दर वेळी कागद परत आला की मला मनातून हायसं वाटायचं.

कारण तुझं पत्र. अर्जाला ओळखीच्यांची पत्रं लागतात ना, हा माणूस अमुक दिवसापासून प्यालेला नाही अशी. तू माझ्याच स्वयंपाकघरात बसून लिहिलंस, "ज्या दिवशी बाबांनी पिऊन गाडी खड्ड्यात घातली आणि मागच्या सीटवरच्या माझ्या लेकीचं, एलीचं, कपाळ फुटलं, त्या दिवसापासून त्यांनी थेंबाला हात लावलेला नाही." "बरोबर ना, बाबा?" म्हणून विचारलंस. मी पॅनकेक चघळत "हो" म्हणालो. मग तू नोटरीसमोर शपथेवर सही केलीस.

त्याच्या महिनाभरच आधी आम्ही नेहमीसारखे हरणांच्या शिकारीला गेलो होतो. तुला तिथली रीत माहीत आहे. पहिल्या दिवशी मेलेल्या सवंगड्याच्या नावानं पेला भरायचा आणि कुणीतरी तो बाहेर नेऊन बर्फात ओतायचा. त्या वर्षी आर्व्होचा पेला होता, ओतायची पाळी माझी. शिकारीच्या झोपडीचं दार लोटलं, लाकडांच्या ढिगामागे गेलो आणि प्यालो. एकच पेला म्हटलं तर तेही खोटं होईल. दुसऱ्या दिवशी एइनोच्या पिशवीतली बाटली चोरून अर्धी केली. तेव्हापासून नाही, पण हे ऐकून तू विश्वास का ठेवावास? मेलेल्या मित्राच्या वाट्याचं प्यालो, आणि जित्या लेकीला खोट्या शपथेला उभं केलं. लाज वाटते गं. एली मांडीवर येऊन बसते आणि तिच्या कपाळावरची टाक्यांची खूण माझ्या हनुवटीला लागते, तेव्हा तर कुठे तोंड लपवू असं होतं.

सुनावणी कधी लागूच नये, असं मला वाटत होतं. आता लागली. बुधवारी ते तुला तोंडावर विचारणार, आणि तू छाती ठोकून सांगणार. म्हणून आज सकाळी चालत पोस्टात गेलो आणि लायसन ऑफिसला पत्र टाकलं: खरी तारीख, अर्ज मागे घेतोय, आणि मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. आता वर्षभर पुन्हा अर्ज करता येणार नाही. आधी तुझ्याशी बोलायला हवं होतं, पण तुझ्या तोंडाकडे बघून मी पुन्हा "हो" म्हणालो असतो. सोमवारपासून तू बर्फातून येऊ नकोस. एइनो नेईल मला. त्याला सगळं सांगितलं, बाटलीचंसुद्धा. तो हसला नाही.

तुझाच, तुला अजून चालत असेल तर,
बाबा