सदतीस अंशांची माती

३ फेब्रुवारी
उलव्यात खोली मिळाली, खिडकीतून चक्क खाडी दिसते. स्वारी खूश! जुन्या मिठागरावर भराव टाकलाय, त्याचा उष्णता-नकाशा ड्रोनने काढायचा. पहाटे उडवण्याआधी थर्मल कॅमेऱ्याला शिस्त लावतो: एका घमेल्यात बर्फाचं पाणी, दुसऱ्यात कोमट, दोन्हींत थर्मामीटर. आकडे जुळले की कॅमेरा खरं बोलतो. साइटचे प्रमुख नंदकिशोर साहेब, त्यांनी आल्या आल्या चहा पाजला. माणूस बरा वाटतो.

५ फेब्रुवारी
भरावाच्या मधोमध एक डाग. माणसाएवढा लांब, सदतीस अंश. बाकी माती बावीस. घमेली पुन्हा तपासली, कॅमेरा चोख आहे.
गेटवर रखमाबाई रोज उभी असते. तिचा नवरा पंढरी इथला वॉचमन. महिन्यापूर्वी रात्री डंपर रिकामे झाले, तेव्हापासून बेपत्ता. साहेब म्हणतात, पिऊन पळाला असेल. ती एवढंच म्हणाली, "माजा मानूस हाय तो, भराव न्हाय."
महिनाभर पुरलेलं माणूस गरम राहत नाही, हे मलाही कळतं. पण उकरून बघायला काय जातं?

७ फेब्रुवारी
साहेबाला उकरायला सांगितलं. म्हणाला, तुझा कॅमेराच बिघडलाय. स्वतः लॅपटॉपवर बसला, कॅमेऱ्याची माझी मापं बदलली आणि सदतीस म्हणजेच माती, असं ठरवून मोकळा झाला. डाग गायब! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. चोराच्या उलट्या बोंबा! भांडलो, नको ते बोललो. त्याने तसाच ड्रोन उडवायला लावला. आम्ही दोघे भरावावर उभे होतो, पण नकाशात आम्हीही नाही. तो हसून म्हणाला, बघ, कसं क्लीन आलं.

८ फेब्रुवारी
साहेब आलाच नाही. फोन लावला. रिंग भरावाखाली वाजली.
जुनी मापं घालून ड्रोन उडवला. दोन डाग. शेजारी शेजारी.
साहेबाला शोधायला कंपनीची माणसं आली, क्लीन नकाशा बघून परत गेली. हरामखोर!

९ फेब्रुवारी
घमेल्यात हात घातला. बर्फ गार लागत नाही.
बुटात माती. झटकली — पुन्हा माती. त्या नकाशात मीही नव्हतो.
भीतीपेक्षा संताप — पाप त्याचं, आणि मी —

गेटजवळ आहे. गुडघ्यापर्यंत मातीत गेलो. वही फेकतोय, जुन्या मापांचं मेमरी कार्ड आत चिकटवलंय. रखमाबाईला वाचून दाखवा. जेसीबी आणा. आधी पंढरीला काढा. साहेब सगळ्यात शेवटी, राहू दे तिथेच. आणि मला —