दुमडलेली पट्टी

१० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. आमची थोरली, मुंगी, जाऊन सव्वा महिना झाला. शिवणाचं दुकान उघडतो, पण गिऱ्हाइकाला परवाचा वायदा देऊन नुसता बसून राहतो.

काल तिचे फ्रॉक काढले. प्रत्येकाला खाली आतून दुमडलेली पट्टी, दरवर्षी आधीच्यापेक्षा रुंद. तुला सांगितलं नव्हतं, ते आज लिहितो. बाहेरच्या मुलांना मी टेप लावतो. घरच्या मुलीला कधी लावला नाही. मागच्या आकड्यात दोन इंच मिळवायचे, वहीत लिहायचं आणि कापायचं. फ्रॉक लांब झाला की ही मुकाट्याने दुमडून टाके घालायची. मुंगी पाच वर्षांची असताना डॉक्टरांनी विचारलं, उंची वाढते का. मी ऐटीत मापांची वही दाखवली. दरवर्षी दोन इंच. ते म्हणाले, मग ठीक आहे.

उंची खुंटणं हीच ज्याची पहिली खूण, तो आजार कळला तेव्हा ती सात वर्षांची होती. मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त गेली होती. तू तुझं द्यायला तयार होतीस, पण तोवर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्याही अरुंद झाल्या होत्या. हातातला पेला सुटायचा आणि ती पेल्यालाच रागवायची.

दोष आम्हा दोघांच्या रक्तातून आला, असं डॉक्टर म्हणतात. धाकटीलाही असू शकतो. चारांत एकाला होतो. तिला तपासायला नेण्याचं धाडस होत नाही. टेप दिसला की ती हात वर करून पुढे येते. मी टेप खिशात घालतो.

हे वाचूनही लोभ राहिला तर कळव.

तुझा,
भाऊ

१८ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

वही तुझी होती, पण डॉक्टर तू नव्हतास. याहून जास्त समजूत मला घालता येत नाही.

धाकटीला तपासून आण, हे तिसऱ्यांदा लिहिते. तेवढं होत नसेल तर टेलरमास्तर, टेप राहू दे, आकडाही नको. तिला भिंतीशी उभी कर, डोक्यापासून टाचेपर्यंत दोरा काप आणि मला पाठव. सहा महिन्यांनी दुसरा पाठव. पुढचं मी बघेन.

वहिनीला म्हणावं, वेळेवर जेवत जा. लोभ कुठे जातोय?

तुझी,
ताई

२० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुसरा दोरा सोबत आहे. त्याच रिळाचा, न ताणणारा. पहिला तुझ्याकडे आहे, त्यामुळे इथे ताडून पाहता येत नाही, हे बरं आहे.

परवा ही धाकटीच्या फ्रॉकची पट्टी दुमडत होती.

तुझा,
भाऊ

२६ सप्टेंबर

चि. भाऊस,
अ. उ. आ.

दोन्ही दोरे फरशीवर शेजारी शेजारी ठेवले. तीनदा. मग तुझ्या दाजींना ठेवायला लावले. क्षणभर वाटलं, दोन बोटं वाढली असं लिहून टाकावं. निदान तुला झोप लागेल.

दोरे सारखेच आहेत, भाऊ. तुझ्यासाठी मी त्यात काही मिळवणार नाही.

लवकर कळलं तर मूत्रपिंडं पुष्कळ दिवस राखता येतात, रक्तदाब सांभाळता येतो, हे डॉक्टरांचं म्हणणं तूच मला कळवलं होतंस. सोमवारी सकाळी मी येते. आपण सगळे मिळून जाऊ. धाकटी माझ्या कडेवर राहील, दोरे तू धर.

वहिनीला म्हणावं, पट्टी उसव. फ्रॉक लांब आहे तसाच घालून तिला तयार ठेव.

तुझी,
ताई