अरविंदच्या एलपी, डाव्या कानाने

३ मार्च
लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील. अरविंद बाहेरच्या खोलीत रेकॉर्ड लावून बसलेला, मी आत आठळ्या सोलत होते. "आवाज कमी कर ना, कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत." त्याने निमूट केला. पुढे पुढे लावतानाच बारीक लावायला लागला. भांडण नाही, काही नाही. आज कानाच्या डॉक्टरांकडून परत येताना रिक्षात सारखं हेच.

उजवा कान गेलेलाच आहे. डावा उतरतोय, आणि भराभर.
"मशीन लावलं की बोलणं कळेल, काकू."
"आणि गाणं?"
"ऐकू येईल. पण जसं आहे तसंच येईल, असं नाही सांगता येत."
किती दिवस, हे त्यालाही माहीत नाही. नाशिकला शर्वरीला फोन करणार होते. केला नाही. लेक लगेच धावत येते आणि मग मलाच तिची समजूत काढावी लागते.

५ मार्च
अरविंदला जाऊन दोन वर्षं झाली, एकही रेकॉर्ड लावली नव्हती. त्याने कुठल्याशा इंग्रजी मासिकातून एक यादी कापून ठेवली होती, जन्मात एकदा तरी ऐकाव्यात अशा एलपींची. मुंबईला गेला की जुन्या रेकॉर्डवाल्याकडे जायचा आणि यादीतलं एक नाव खोडून यायचा. सतार, ऑपेरा, जॅझ, गझल, लांब केसांच्या पोरांची गिटारं, सगळं. मला त्यातलं काही कळत नाही. पण आहे तोवर एकेकदा सगळ्या ऐकायच्या, असं ठरवलंय.

वन्संना सांगितलं. अरविंदच्या थोरल्या बहिणीला या घरात सांगितल्याशिवाय काही होत नाही.
"आता आठवलं हो तुला," म्हणाल्या.

६ मार्च
सतार. पहिली बाजू संपत आली तरी माणूस सुरूच करेना. वाटलं, अजून लावतोय. मग लक्षात आलं, कधीच सुरू झालंय. परत पहिल्यापासून लावली. दुसऱ्यांदा बरं वाटलं. का, ते नाही सांगता येणार.

८ मार्च
जॅझ. ट्रम्पेट. जेवणं झाल्यावर कुणी एकट्यानेच ओसरीवर बसून बोलत राहावं, आणि आतून कुणी हूं सुद्धा म्हणू नये, तसं.
कव्हरच्या मागे पेन्सिलीने तारीख आणि एक शब्द, 'एकटा'. मग बाकीचीही काढून पाहिली. तारीख, एकटा. तारीख, एकटा. फक्त एकावर: 'नलू होती. झोपली.'

११ मार्च
ऐकताना मी झोपले होते ती रेकॉर्ड. चर्चमधलं लॅटिन गाणं, मोठा कॉयर. हे आम्ही शाळेत गायलोय. सिस्टर हातात काळी पट्टी घेऊन पुढे उभी, आम्हाला शब्दाचा अर्थ ठाऊक नाही, तरी घरी वरण ढवळताना मी तेच गुणगुणायची. आई म्हणायची, हे काय गो अशुभ.
आज वरच्या पट्टीतल्या मुली आल्याच नाहीत. त्या कुठे सुरू होतात हे मला नेमकं ठाऊक आहे. जागा आली, रिकामीच गेली.
झोपले कशी मी.

१९ मार्च
शिमग्याची पालखी अंगणात आली. ढोल छातीत वाजला, ताशा नाही. ताशेवाल्याच्या काड्या तेवढ्या हलताना दिसत होत्या.

२ एप्रिल
लांब केसांचे. वन्संनी येऊन खिडकी लावली. "गातायत का भांडी आपटतायत?"
मला आवडलं. एकूण एक ठोका आला. मला नीट ऐकू यावं असं जगात एवढंच उरलंय बहुतेक, आणि हे लावलं की अरविंदवर मी सगळ्यात जास्त चिडायची.
शर्वरीला शेवटी सांगितलं. रडली. मी समजूत काढली.

१४ एप्रिल
आंबा उतरवायला सुरुवात. मागच्या खोलीत पेंढा पसरून आढी घातली. निम्म्या रेकॉर्ड त्याच खोलीत होत्या. गेल्या पावसात कव्हरांना बुरशी धरली म्हणून घरातली सगळ्यात कोरडी खोली बघून मीच ठेवल्या होत्या. आता आंब्याला जागा हवी. बागेतल्या गड्याला, सखारामला म्हटलं, वर फळीवर ठेव, आडव्या.
"वर पत्रा तापतो गो," वन्सं.
"चारच दिवस, वन्सं."

२ मे
चारचे अठरा झाले. पेट्या, गवत, फोन, गिऱ्हाइकं. एकही रेकॉर्ड ऐकली नाही. वन्सं दोनदा हाक मारून गेल्या म्हणे. मी पाठमोरी होते.

६ मे
आज गझलची काढली, फळीवरची. बाई गायला लागली आणि सूर एकदम हर्णेच्या बंदरातल्या होडीसारखा खाली वर, खाली वर. समजले. आला तो दिवस. सुई उचलायचंही सुचलं नाही. तशीच बसून राहिले.

मग वन्संना बोलावलं. "ऐका जरा. कशी वाटते?"
"बरी गातेय की. जरा झोके घेतेय एवढंच."
"तुम्हाला पण?"
"मला पण म्हणजे? मी काय बहिरी आहे?" आणि मग स्वतःच तबकडी उतरवून माझ्या हातात दिली.

तबकडी उजेडात धरली. भाजलेल्या पापडासारखी उचललेली. वरून पत्रा, खालून आढीची ऊब, मध्ये या.

आणि मला हायसं वाटलं. कुणाला सांगता येणार नाही म्हणून इथे लिहिते. अरविंदची आयुष्यभराची हौस माझ्या हाताने वाकली, आणि मला हायसं वाटलं, की कान नाही, रेकॉर्ड आहे.

७ मे
अकरा वाकल्यात. त्यातल्या तीन मी ऐकल्याच नव्हत्या. दोन काचांमध्ये घालून वर पाटा ठेवलाय.
सखाराम दारात उभा. "वैनी, तुम्हीच म्हणालात, फळीवर."
"मीच म्हटलं रे. तुझं काही नाही."
वन्सं मात्र त्या दिवशी पत्र्याबद्दल काय म्हणाल्या होत्या, ते एकदाही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

१३ मे
पाटा काढला. तशाच.

२१ मे
नाट्यपदांची. ही पुढच्या खोलीतली, मागच्या खोलीत कधी गेलेलीच नाही. वन्सं शेंगा सोलत बसलेल्या, तोंडाने पद चालू. पेटी सुरू झाली आणि परत तेच. खाली वर.
"वन्सं, ही पण वाकली वाटतं."
त्यांचं गुणगुणणं थांबलं. उठल्या, रेकॉर्ड काढली, ओट्यावर ठेवली. गुडघे धरून वाकल्या आणि ओट्याच्या कडेला डोळा लावून पाहिलं. पुन्हा दुसऱ्या बाजूने पाहिलं. वेळ लावत होत्या. मी त्यांच्या पाठीकडे बघत उभी.
"सरळ आहे गो."
"नीट बघा."
"बघितली. अगदी सरळ आहे."

त्यांनीच परत लावली. माझ्या डाव्या बाजूला खुर्ची ओढून घेतली आणि माझ्या मनगटावर दोन बोटांनी ठेका धरला. पद संपेपर्यंत सोडला नाही. शेंगा तशाच राहिल्या.

२६ मे
डॉक्टरांकडे जाऊन आले. त्याने तपासणीचा कागद पुढे केला. रेघ घसरगुंडीसारखी उतरलीय. मशीन पुढच्या आठवड्यात. "सवय होईल, काकू." माणूस चांगला आहे. दुसरं काय म्हणणार.

२९ मे
शर्वरी शनिवारी येतेय. तिच्यासमोर बोलायला बसले तर जमणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

सतारीच्या सगळ्या शर्वरीने न्याव्यात. पहिल्यांदा कंटाळा येईल, दुसऱ्यांदा लावायची.
नाट्यपदांच्या वन्संना. प्लेअरही त्यांच्याच खोलीत ठेवावा. आवाज कमी करायला त्यांना कुणी सांगू नये.
कॉयरची माझ्या शाळेला. तिथे अजून मुली गातात. कव्हरवरचं पेन्सिलीचं खोडू नये.
जॅझच्या अरविंदच्या चिपळूणच्या मित्राला. फोन केला तर तो घेणार नाही म्हणेल, म्हणून नेऊनच द्याव्यात.
लांब केसांच्या माझ्याकडे. त्या अजून येतात.
वाकलेल्या अकरा कुणाला देऊ नयेत, टाकूही नयेत. काय करावं, मला सुचलेलं नाही.
ऑपेराची एक राहिली, निळ्या कव्हरची. सरळ आहे. ऐकलेली नाही. तिचं सध्या काही ठरवू नये.