वरच्या कप्प्यातला धूर

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकत नाहीस, म्हणून लिहूनच कळवते. परवा घशातून नळी घालून तुझ्या हृदयाची सोनोग्राफी झाली, तेव्हा मशीनवर मीच होते. तू गुंगीत होतास, आणि शुद्धीवर आल्या आल्या दुकानाच्या काळजीने बस पकडलीस.

तुझं हृदय तालात चालत नाही, हे ठाऊक होतंच. डावा वरचा कप्पा आकसण्याऐवजी नुसता थरथरतो. त्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखी एक पिशवी असते. तिथे तुझं रक्त वाहायचं सोडून धुरासारखं जागच्या जागी घुमतंय. गाठ अजून झालेली नाही, पण होऊ शकते. आणि ती सुटून मेंदूत गेली, की झटका. वीस वर्षं असले धूर बघतेय मी. तुझा पुन्हा पुन्हा बघितला, तरी तोच.

डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी दिली आहे, चिठ्ठी सोबत आहे. दोन वेळा घे, एकदाही चुकवू नकोस. तुझ्या पाया पडते.

लोभ आहेच, तो गोळ्या घेऊन वाढवावा.
तुझी ठमी

२१ मार्च

चि. ठमीस,
अ. आ.

बिडी सोडून दहा वर्षं झाली, तरी आत धूर आहेच म्हणतेस! तुझ्या वहिनीने ते पत्र डोळे वटारत दोनदा वाचून दाखवलं.

गोळ्या सुरू केल्या होत्या, खोटं नाही सांगत. पण माझा धंदा काचा कापायचा. बोटांना चिरा रोजच्याच. मागच्या मंगळवारी तळहात कापला तर दीड तास रक्त थांबेना, टाके घालावे लागले. शाळेच्या खिडक्यांचं काम हातात आहे. पोरं उघड्या खिडक्यांशी उन्हाच्या झळा खात बसतात. म्हणून तेवढं उरकेपर्यंत गोळी बंद ठेवली आहे, दहाच दिवस. डॉक्टरांना विचारलं नाही, ते नकोच म्हणाले असते. वहिनीला कळवू नकोस. फोनवर तुझं बोलणं ऐकू येत नसलं तरी ओरडणं येतं, म्हणून हे पत्र.

राग आवरून लोभ ठेवणे.
तुझा दादा

८ एप्रिल

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुम्ही भेटून गेल्यापासून फरक एवढाच, की आता उशीला टेकून बसतात. उजवा हात-पाय तसाच लुळा. बोलायला जातात, तर तोंडून एकच शब्द निघतो, काच. पाणी हवं तरी काच, मला हाक मारायची तरी काच. मग स्वतःवरच चिडून रडतात.

काल यांचा कामाचा कोट धुवायला काढला. खिशात गोळ्या सापडल्या. पाण्याचा पेला मी स्वतः हातात देत होते, वन्सं. समोर उभी राहत होते.

एक विचारते, राग मानू नका. तुम्हाला आतलं सगळं दिसलं होतं. मग हे कुठल्या दिवशी होणार, ते दिसत नाही का?

आमच्यावर माया असू द्या.
तुमची वहिनी

१२ एप्रिल

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझ्यापासून एक लपवलं. गोळी बंद केल्याचं दादाने मला लिहिलं होतं. ते पत्र पंचवीस तारखेला दुपारी हातात पडलं आणि मी तशीच तुला फोन लावला. तू म्हणालीस, यांना झटका आला, आत्ताच इस्पितळात आत नेलंय. त्यावर पत्राचं काय सांगणार होते? पुढे रोज सांगायचं ठरवत होते, आणि रोज तुझं तोंड बघून गप्प बसत होते.

दिवस दिसत नाही, वहिनी. धूर दिसतो, तो किती दाट आहे तेही सांगता येतं. तसाच धूर घेऊन माणसं वर्षानुवर्षं हिंडतात. गोळी चालू असती तर धोका बराच कमी झाला असता, पण नक्की टळला असता असं डॉक्टरही म्हणत नाहीत. आणि ती घेऊन काच कापताना तो रक्ताने भिजला असता, तर मी काय म्हटलं असतं, तेही मला माहीत नाही.

काल एका गृहस्थांच्या हृदयात पुन्हा तेच दिसलं. बाहेर त्यांची बायको विचारत होती, घाबरण्यासारखं काही नाही ना? डॉक्टर सांगतील, एवढंच मला म्हणता आलं.

रविवारी येते. करण्यासारखं काही नाही, तरी येते.

जमलं तर लोभ ठेव.
ठमी