दुर्बिणीखालचा घोडा

११ ऑक्टो., शनि.
पपांना बंदुकीच्या टोकाची, नेम धरायची माशी दिसत नाही. आज कबूल केलं, तेही मशीनमधून कपडे काढता काढता, माझ्याकडे न बघता. "नळीच्या टोकाला धुकं असतं, वाली." गेल्या वर्षीच्या हाक्यात त्यांची गोळी एका रानडुकराच्या पायात बसली. कुत्र्यांना ते सापडेपर्यंत दुपार झाली. त्या विषयावर घरात वर्षभर शब्द नाही. आता म्हणतात, रायफलवर दुर्बीण लाव, नाहीतर मी शिकार सोडतो.
यंदाचा हाका २९ नोव्हें. पपा, म्हणजे माझे सासरे, अठ्ठ्याहत्तरचे. घरात शिकारीचं लायसन्स त्यांच्यानंतर फक्त माझ्याकडे. यानला, माझ्या नवऱ्याला, म्हणजे त्यांच्या सख्ख्या मुलाला, रक्त बघवत नाही.

१३ ऑक्टो., सोम.
जेवणभर वाद. पपांना आठपट मोठं दाखवणारी हवी. मी म्हटलं, चाळीस मीटरवरून पळणारं डुक्कर आठपटीत बघाल तर नुसते केस दिसतील. एक ते चारपट पुरे, सरळ नळीची, पुढे भोंगा नसलेली.
यान : "तुम्ही दोघं सोफा निवडताय का?"
एक ते चारवर तह. ऑफिसात ब्रेकचं प्रकरण शुक्रवारपर्यंत लिहून द्यायचंय. गाडीच्या मॅन्युअलमधला सगळ्यात जास्त इशारे असलेला भाग.

१८ ऑक्टो., शनि.
बसवली. यानच्या सायकलचा टॉर्क पाना घेतला. वरची पट्टी, चार स्क्रू, मग कड्या. सगळ्यात बुटक्या कड्या निवडल्या, कारण या लिव्हरवाल्या रायफलचा दस्ता सरळ आणि खाली असतो. दुर्बीण उंच गेली की गाल हवेत राहतो.
पपांनी बागेच्या दिशेने धरून पाहिली. "आख! फाटकावरचा खिळा दिसतोय!" असा आवाज त्यांच्या तोंडून कितीतरी दिवसांनी.
कपाटात ठेवताना लक्षात आलं. घोडा, म्हणजे चाप दाबल्यावर गोळीवर आपटतो तो, दुर्बिणीच्या बुडाखाली गेलाय. माझा अंगठा जेमतेम आत जातो. पपांचा, सांधा सुजलेला, नाही जात.
जुनी रायफल, सेफ्टीचं बटण नाही. लिव्हर मारली की गोळी भरते आणि घोडा उभा राहतो. मग शिकार आलीच नाही, तर अंगठ्याने घोडा धरायचा, चाप दाबायचा, सावकाश खाली आणायचा. अंगठा सुटला तर बार.
बोलले नाही. एवढे खूश होते.

१९ ऑक्टो., रवि.
बोलले. "माहीत आहे मला," म्हणाले. "काल धरली तेव्हाच कळलं." म्हणजे दोघंही गप्प बसलो होतो.
घोड्याला बाजूने लावायची छोटी दांडी मिळते, अंगठ्याला पकड म्हणून. मागवली.

२५ ऑक्टो., शनि.

दांडी आली नव्हती. तरी रेंजवर गेलो. तिथे सगळ्या गोळ्या झाडायच्याच असतात, घोडा उतरवायची वेळ येणार नाही, असं धरून चालले. पपांनी तीन गोळ्या मारल्या, सुरेख. चौथीसाठी लिव्हर मारली आणि डोळ्यात पाणी आलं म्हणून थांबले. मागून रेंज सांभाळणाऱ्या फ्राउ क्रा.नी विचारलं, "एन्टश्पान्ट?"
मी म्हटलं, "जा जा, गांझ एन्टश्पान्ट!"
मला वाटलं, म्हातारा निवांत आहे ना, असं विचारतायत; म्हणून म्हटलं, हो हो, एकदम निवांत. सकाळपासून पपा टेन्शनमध्ये होते. त्या विचारत होत्या घोड्याबद्दल. घोडा उतरवलाय का. पपांना वाटलं, घोडा खाली आहे हे मी बघितलंय. ते उठले, रायफल हातात, नळी माझ्याकडे वळायला लागली. क्रा.नी नळी पकडून भिंतीकडे दाबली.
आवाज चढवला नाही. "ही चूक शिकाऊ करतात," एवढंच, मला.
लायसन्सच्या परीक्षेत हा शब्द मी बरोबर लिहिला होता. पण बावीस वर्षं इथल्या जर्मन मीटिंगांत ऐकते तो दुसरा एन्टश्पान्ट, निवांतवाला.
सराव-दाखल्यावर सही नाही. दुर्बिणीखाली घोडा नीट उतरवून दाखवा, मगच. दाखल्याशिवाय हाक्यात घेत नाहीत.

२६ ऑक्टो., रवि.
यानला सांगावं लागलं. मग : "दुर्बीण तू लावलीस. नसती लावलीस तर ते आपोआप घरी बसले असते."
याचं उत्तर त्याच्या वडिलांनी द्यायला हवं.

१ नोव्हें., शनि.
दांडी लावली. कड्याही बदलल्या, आता उंच. गाल हवेत, म्हणून दस्त्यावर चामड्याची गादी बांधली. आईचा व्हिडिओ कॉल चालू होता. "काय गं, बंदुकीला खोगीर घालतेस?" पपांना भाषांतर करून सांगितलं. हसता हसता त्यांना खोकला लागला.

२ नोव्हें., रवि.
तळघरात सराव. खोट्या गोळ्या. वीसदा उतरवला, तीनदा सुटला. सुटला की टक्.
"खोटीच आहे," पपा म्हणाले.
मी पुन्हा भरली.

९ नोव्हें., रवि.
आठवडाभर रोज, ऑफिसनंतर. कालपर्यंत रोज एकदा तरी टक्. आज दोनदा. दुसऱ्यांदा पपांनी रायफल टेबलावर ठेवली आणि अंगठ्याकडे बघत राहिले. "हा माझ्या बापाचा अंगठा आहे," म्हणाले. "त्याचाही असाच झाला होता."

२० नोव्हें., गुरु.
रेंज. पाचदा उतरवला, पाचही वेळा लोण्यासारखा. क्रा.नी सही केली, पपांशी हात मिळवला, माझ्याशीही. मला रडू यायचं बाकी होतं.
येताना गाडीत मी कौतुक करत होते. ते खिडकीतून बाहेर बघत होते. मग म्हणाले, "आज अंगठा दुखतच नाहीये. सकाळी डॉक्टरकडे जाऊन इंजेक्शन घेतलं."
"किती दिवस टिकतं?"
"डॉक्टर म्हणाला, बघू."
सही खरी आहे. पाच वेळाही खऱ्या आहेत.

२१ नोव्हें., शुक्र.
घरून काम. हाक्याची नावं दुपारी बारापर्यंत पाठवायची. मेल सकाळीच लिहून ठेवली, पपांचा दाखला जोडून. पाठवली नाही.
१०.३०ला खाली गेले. म्हटलं, नळी रिकामी ठेवा, डुक्कर दिसल्यावरच लिव्हर मारा. मग उतरवायचा प्रश्नच बहुतेक येणार नाही.
"लिव्हरचा खडखडाट ऐकून डुक्कर थांबेल का? पुढच्या गावात जाईल."
मग मी शब्द शोधत राहिले. रोज सहा भाषांत जाणारे इशारे लिहिते, त्यातला एकही त्यांच्या तोंडावर म्हणता येईना. शेवटी तेच म्हणाले. "तू माझ्या जागेवर, माझ्या शेजारी उभी राहा. उतरवायची वेळ आली तर रायफल तुझ्या हातात देईन."
म्हणजे मला हाक्यातली माझी वेगळी जागा सोडावी लागणार. म्हणजे हाक्याच्या प्रमुखाला कळवावं लागणार, आणि त्याच्याकडून सगळ्या गावाला कळणार. हे त्यांना माझ्याआधी कळलेलं असणार.
"लिहू का असं?"
"लिही. पण 'सोबत' लिही. 'देखरेखीखाली' नको."
वर आले. एका जागेवर दोघं, एक रायफल, सोबत. ११.४१ला पाठवली.
यानला ऑफिसात मेसेज केला. त्याने नुसतं विचारलं, "इंजेक्शनचं प्रमुखाला सांगितलंस?" नाही सांगितलं.
११.५५. प्रमुखाचं उत्तर आलं. एकच ओळ. "छान. पण सोबत कोणाची कोणाला? यादीत बंदूक कुणाच्या नावावर लिहू?"
पपा जिना चढून आलेत. खुर्चीमागे उभे आहेत. "काय म्हणतोय?" विचारतायत, आणि खिशात चष्मा शोधतायत.