आवरलेलं टेबल

आप्पा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि गेल्या आठवड्यात बुधवार पेठेत, लॅपटॉपच्या दुकानात, तुम्ही समोर उभे राहिलात. मशीन रडतखडत चालायचं म्हणून मी रॅम आठाची बत्तीस करून घेतली होती. घरी येऊन पाहते तर डिस्क जवळजवळ भरलेली. एकही नवी फाइल ठेवली नव्हती, मग जागा गेली कुठे? पुन्हा दुकानात गेले. दुकानदार मान वर न करता म्हणाला, "मेमरी वाढवायला सांगितलीत ताई. जागा वाढवायला नव्हतं सांगितलंत." मग त्याने नीट समजावलं. रॅम म्हणजे कामाचं टेबल, डिस्क म्हणजे कपाट. काम अर्धं सोडून झाकण लावलं, की टेबलावरचा पसारा जसाच्या तसा कपाटात उतरवून ठेवायची सोय असते, उघडल्यावर पुन्हा तसाच मांडायला. टेबल मोठं झालं, की कपाटातला तो राखीव कप्पाही मोठा होतो. मी काउंटरपाशी तशीच उभी राहिले. मला आपलं येरवड्यातलं टेबल दिसत होतं.

निवृत्त झाल्यावर तुम्ही वस्तीतल्या लोकांचे अर्ज लिहून द्यायचात. पुढच्या खोलीतल्या टेबलावर ते उघडे पसरलेले असत. कोणता कागद कशावर आडवा ठेवलाय, यावरूनच कुणाचं काम कुठे अडलंय ते तुम्हाला कळायचं. आई तिथे फडकंसुद्धा फिरवत नसे. एका दुपारी मी सगळे कागद गोळा केले, कडा जुळवल्या आणि गठ्ठा कपाटात ठेवला. तुम्ही आलात, गठ्ठा सोडलात आणि एकेक कागद उलटून पाहिलात. मला वाटलं, ओरडाल. तुम्ही एवढंच म्हणालात, "कागद आहेत गं सगळे. मी कुठे होतो, तेवढं गेलं." मागच्या गल्लीतल्या मावशींचा विधवा पेन्शनचा अर्ज त्यात होता. तो पुन्हा जुळवेपर्यंत मुदत टळली. त्या आल्या, जयभीम घालून तुम्हालाच म्हणाल्या, असू द्या साहेब. मी आत चहा गाळत होते, बाहेर आले नाही.

दुकानदार म्हणतो, ती सोय बंद करा, बरीच जागा सुटेल, फक्त सगळं सेव्ह करून मशीन पूर्ण बंद करायची सवय लावा. आठ दिवस झाले, मी ती बंद केलेली नाही. हे पत्र त्याच कप्प्यात आहे. सेव्ह केलं की मी ते पुन्हा उघडणार नाही, मी स्वतःला ओळखते. रोज झाकण उघडते आणि एका ओळीपाशी येऊन थांबते. ती आज लिहिते. तुम्हाला मदत व्हावी म्हणून आवरलं, असं मी तेव्हा सांगितलं आणि तुम्ही ते खरं मानलंत. तसं नव्हतं आप्पा. कॉलेजातली मैत्रीण घरी येणार होती आणि मला त्या टेबलाची लाज वाटली होती.

आता झाकण लावते. उद्या उघडेन तेव्हा हेच वाक्य समोर असेल. असू दे.